परमुलखातील मावशी



आपल्या घराघरांतून एक वही असते. मुंज, बारसे किंवा लग्न पार पडले की कोणी काय आहेर केला, हे तीत लिहून ठेवतात. पुढे त्या घरी कार्य निघाले की ती वही काढावयाची, आपले पान उघडावयाचे आणि मग काय द्यावयाचे ते ठरवावयाचे. ह्या वहीची थट्टा करण्याचा माझा हेतू मुळीच नाही. आपल्या समाजातील पुष्कळसे व्यवहार अशाच लिहिलेल्या आणि न लिहिलेल्या वह्यांवर चालतात. शेजारच्या घरी आजारपण आले की आपण पेज नेऊन देतो, आणि आपल्या घरी तशी वेळ आली की तेथून पेज येते. त्यात माया असते. पण मायेच्या मागे ओळख असते, आणि ओळखीच्या मागे कोठे तरी एक जुनी नोंद असते.

माणूस परमुलखात राहावयास गेला की ही वही निरुपयोगी होते. तेथे त्याचे कोणाच्याच वहीत पान नसते. त्याच्या आजोबांनी कोणाच्या आजोबांना अडीअडचणीला मदत केलेली नसते, त्याचे आडनाव कोणाला उच्चारताही येत नाही, आणि उद्या तो निघून गेला तर त्याने घेतलेल्या उपकारांची फेड होण्याची आशाही कोणी बाळगू शकत नाही. अशा ठिकाणी एखादे अनोळखी माणूस आपण होऊन दार उघडते, तेव्हा त्याचा जमाखर्च कोणत्या पानावर मांडावयाचा? आपल्यापैकी कित्येकांची मुलेमुली आज परदेशी शिकत आहेत किंवा नोकरी करीत आहेत. त्यांच्या पत्रांतून आणि आता टेलिफोनवरून असे लहानमोठे प्रसंग आपल्या कानी येतात. परंतु मी आज जो प्रसंग सांगणार आहे तो शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे, आणि त्यात एका मराठी मुलीचे सबंध आयुष्य गुंतलेले आहे.

ही मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी. त्यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे; परदेशी जाऊन वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. आपण त्यांची गोष्ट सांगतो तेव्हा गोपाळरावांचा हट्ट, आनंदीबाईंचे धैर्य आणि त्यांचा अकाली मृत्यू ह्यांविषयी बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण ह्या गोष्टीत एक चौथे माणूस आहे, आणि बहुधा एका वाक्यातच त्याची बोळवण होते.

आनंदीबाईंचा जन्म १८६५ सालचा. नवव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. गोपाळराव पोस्टखात्यात नोकरीला होते आणि वयाने जवळजवळ वीस वर्षांनी मोठे होते. बायकोला शिकवावयाचे हा त्यांचा ध्यास. १८७८ साली ते कोल्हापुरास असताना त्यांनी रॉयल वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र लिहिले. हे वाइल्डर पूर्वी कोल्हापुरातच मिशनचे काम करीत असत, आणि आता अमेरिकेत प्रिन्स्टन येथे राहून एक मिशनरी मासिक चालवीत होते. आपल्या पत्नीला अमेरिकेत शिकता येईल काय, आणि आपल्यालाही तेथे काही उद्योग मिळेल काय, अशी विचारणा त्या पत्रात होती. वाइल्डरसाहेबांनी उत्तर दिले, पण ते मुख्यत्वे ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याच्या उपदेशाचे होते. हा पत्रव्यवहार त्यांनी आपल्या मासिकात छापूनही टाकला.

वाइल्डरसाहेबांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांची वही निराळी होती, इतकेच. त्यांनी आपली अट उघडपणे सांगितली आणि गोपाळरावांना ती मानवली नाही. येथेच हे प्रकरण संपावयाचे.

पण १८८० साली न्यू जर्सी प्रांतातील रोझेल ह्या लहान गावच्या थिओडोसिया कार्पेंटर नावाच्या एक गृहिणी दातांच्या डॉक्टरकडे गेल्या. त्यांना तेथे थांबावे लागले. वेळ जाण्यासाठी त्यांनी तेथे पडलेले एक जुने मासिक उचलले, आणि त्यात हा पत्रव्यवहार त्यांच्या वाचनात आला. दातांच्या डॉक्टरकडे खोळंबलेला मनुष्य स्वभावतःच फारसा उदार वृत्तीत नसतो, हे आपण सर्वजण जाणतो. ते पान उलटून पुढचे वाचणे त्यांना सहज शक्य होते. कार्पेंटरबाईंनी घरी जाऊन हिंदुस्थानातील त्या अनोळखी मुलीस पत्र लिहिले.

ह्या एका कृतीचा जरा विचार करा. त्यांना हिंदुस्थान ठाऊक नव्हता. त्या कोणत्या संस्थेच्या चिटणीस नव्हत्या. घरसंसार सांभाळणारी एक मध्यमवर्गीय स्त्री एवढीच त्यांची ओळख. ज्या मुलीला त्यांनी पत्र लिहिले ती त्या वेळी पंधरा वर्षांची होती. तिला चौदाव्या वर्षी मूल झाले होते आणि ते दहा दिवसांतच गेले होते. स्त्रियांना स्त्री-वैद्य मिळाले पाहिजेत, हा विचार त्या दुःखातून तिच्या मनात रुजला, असे तिचे चरित्रकार सांगतात. कार्पेंटरबाईंच्या हाती मासिकातले एक पान होते, आणि त्यावर एका पतीची विनंती आणि तिला मिळालेला नकार छापलेला होता.

पुढे सुमारे तीन वर्षे ही पत्रे समुद्र ओलांडीत राहिली. गोपाळरावांच्या बदल्या होत, त्यांबरोबर पत्त्याचे गाव बदलत जाई. बंगाल्यात कलकत्ता व श्रीरामपूर येथपर्यंत ती पत्रे आनंदीबाईंच्या मागोमाग गेली. आनंदीबाई आपले सणवार, चालीरीती आणि घरातल्या वहिवाटी लिहून कळवीत. तिकडून अमेरिकेतील घर, मुले आणि ऋतू यांची हकीकत येई. आनंदीबाईंची प्रकृती मुळातच नाजूक होती. अशक्तपणा, डोकेदुखी आणि ताप ह्यांचे वर्णन वाचून कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठविली. ज्या मुलीला पाहिले नाही तिच्यासाठी औषधाची पुडकी बांधून महासागरापलीकडे रवाना करणारी ही बाई मला फार जवळची वाटते. औषधाचा गुण आला नाही, ही गोष्ट वेगळी.

ह्याच काळात कधी तरी आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. आपल्या मराठी नात्यांच्या कोष्टकात मावशीचे स्थान मोठे गमतीचे आहे. आत्या ही वडिलांच्या कुळाची. तिच्यापाशी मान आहे, आणि थोडा धाकही आहे. मावशीपाशी हक्क आहे, पण जाब नाही. ‘माय मरो आणि मावशी जगो’ असे म्हणण्याइतकी आपली भाषा मावशीच्या बाबतीत सढळ आहे. ज्या बाईचे आपल्या वहीत पान नव्हते तिच्यासाठी आनंदीबाईंनी नाते निवडले ते हे. उपकाराची फेड करण्यास त्यांच्यापाशी पैसा नव्हता. पण नाव देण्याचा अधिकार त्यांचा होता, आणि तो त्यांनी वापरला.

१८८३ च्या फेब्रुवारीच्या २४ तारखेस आनंदीबाईंनी श्रीरामपूर कॉलेजात भाषण केले. अमेरिकेस का जाते, एकटी का जाते, हिंदुस्थानात सोय नाही काय, जातीतून बाहेर टाकतील त्याचे काय, अशा लोकांच्या प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तर दिले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन आपल्या लोकांत राहीन, हे त्यांनी तेथे स्पष्ट सांगितले. त्या वेळी त्यांचे वय अठरा पुरे नव्हते. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून त्या निघाल्या, आणि ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या. त्यांना उतरवून घेण्यास मावशी आल्या होत्या.

तो उन्हाळा आनंदीबाईंनी रोझेल येथे कार्पेंटर यांच्या घरी काढला. आता येथे ह्या आपुलकीची खरी परीक्षा सुरू होते, असे मला वाटते. पत्रातून माया करणे एक वेळ सोपे असते. पत्रातले माणूस आपल्या घरात येऊन राहिले, त्याचे जेवण निराळे, त्याचा पोशाख निराळा, त्याचा धर्म निराळा, आणि शेजारी खिडकीतून पाहत आहेत, अशा वेळी माया टिकविणे ही गोष्ट वेगळी. आनंदीबाई शाकाहारी होत्या व शाकाहारीच राहिल्या. त्या लुगडे नेसत, कुंकू लावीत. पुढे थंडी सोसेना तेव्हा पाय झाकले जावेत म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला, पण साडी सोडली नाही. आपल्या देशावर कोणी टीका केली तर त्याची बाजू मांडण्यास त्या मागेपुढे पाहत नसत. कार्पेंटरबाई स्वतः धर्मनिष्ठ ख्रिस्ती. तरीही पाहुणीने आपल्यासारखे व्हावे अशी अट त्यांनी घातल्याचे कोठे दिसत नाही. ज्या अटीवर वाइल्डरसाहेबांचे पत्र अडले होते, ती अट ह्या घरात कोणी काढलीच नाही.

शरद ऋतूत मावशींनी त्यांना फिलाडेल्फियास पोहोचविले. तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजच्या प्रमुख रेचल बॉडले ह्यांनीही ह्या विद्यार्थिनीस हात दिला. प्रवेश दिला, आणि खर्चाच्या बाबतीतही कॉलेजने सवलत केली. ह्या कॉलेजात १८८५ सालच्या ऑक्टोबरात घेतलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात तीन स्त्रिया आपापल्या देशांच्या पोशाखांत आहेत: आपल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या सबात इस्लांबूली. तिघी तीन दिशांनी आलेल्या. त्या काळी जगातल्या बहुतेक वैद्यकीय शाळांची दारे स्त्रियांना बंद असताना, फिलाडेल्फियातील ह्या एका इमारतीत त्या आपापल्या वेषात उभ्या राहू शकल्या. कोणाला तो केवळ नवलाईचा देखावा वाटेल. मला त्यात बॉडलेबाईंच्या मनाचा मोठेपणा दिसतो.

मध्यंतरी गोपाळरावही अमेरिकेत जाऊन पोहोचले. गोपाळराव हे विलक्षण गृहस्थ होते. त्यांच्या हट्टावाचून हे काही घडले नसते हे खरे, पण ज्या देशाने आपल्या पत्नीला आसरा दिला त्याच देशात व्याख्याने देत त्यांनी तेथील समाजावर कडक टीका चालविली. यजमानांच्या सोशिकतेला ही दुसरी परीक्षा होती. मावशींचे घर आनंदीबाईंना त्यानंतरही मोकळेच राहिले.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. रमाबाईंचा अनुभव येथे थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण परक्यांच्या मायेची दुसरी बाजू त्यात दिसते. १८८३ साली रमाबाई आपल्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडात वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहावयास गेल्या. भगिनींनी त्यांना आश्रय दिला, मुलीला सांभाळले, आणि पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात डोरोथिया बील ह्यांच्या हाताखाली शिकण्याची संधीही त्यांना मिळाली. त्याच वर्षी सप्टेंबरात रमाबाईंनी स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला. येथे धर्म एकच झाला होता, मग वाद कशाचा राहिला? पण वाद राहिलाच. रमाबाई शाकाहार सोडीनात. त्या अंडे घातलेला पदार्थ खात नाहीत हा त्यांचा अहंकार आहे, असे तेथल्या भगिनींना वाटे. क्रुसावर कोरावयाची अक्षरे लॅटिनमध्ये का, संस्कृतात का नकोत, असे रमाबाई विचारीत. सिस्टर जेराल्डिन आणि रमाबाई ह्यांचा पत्रव्यवहार पुढे ग्रंथरूपाने छापला गेला आहे. तो वाचताना दोघींचे एकमेकींवर खरे प्रेम होते हे कळते, आणि ते प्रेम किती दमविणारे होते हेही कळते. भगिनींनी जे दिले ते मनापासून दिले. परंतु त्या वहीत एक रकाना कोरा ठेवलेला होता, आणि तो रमाबाईंनी आज्ञाधारकपणाने भरावा अशी अपेक्षा होती. रमाबाईंनी तो भरला नाही. ऋण नाकारावयाचे नाही आणि स्वत्वही द्यावयाचे नाही, ही तारेवरची कसरत त्यांनी वर्षानुवर्षे केली.

अमेरिकेत मात्र त्यांना निराळे वातावरण लाभले. बॉडलेबाईंनी त्यांच्या इंग्रजी पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. १८८७ साली बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या मंडळीने रमाबाईंच्या विधवांसाठीच्या शाळेला दहा वर्षे साहाय्य करण्याचे पत्करले, आणि शाळेत धर्माची सक्ती असू नये असे ठरविले. ती शाळा, म्हणजे शारदासदन, मुंबईत चौपाटीवर ११ मार्च १८८९ रोजी उघडली. आनंदीबाईंच्या पदवीदानास त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती.

पण आनंदीबाई तोवर राहिल्या नव्हत्या. अमेरिकेच्या थंडीत त्यांच्या छातीने घर केले, क्षय झाला. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. जेथून गोपाळरावांचे पत्र गेले होते त्याच गावी त्या वैद्य म्हणून जावयाच्या होत्या. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. बाविसावे वर्ष पुरे होण्यास महिनाभर बाकी होता. एकाही दिवसाची नोकरी त्यांना करता आली नाही.

यानंतर जे घडले ते मला ह्या सबंध हकीकतीत सर्वांत बोलके वाटते. आपल्याकडे अस्थी नदीत सोडतात; त्या जपून ठेवण्याची आपली चाल नाही. गोपाळरावांनी आनंदीबाईंची रक्षा अमेरिकेस मावशींकडे पाठविली. त्यांनी हे का केले ह्याचा तर्क प्रत्येकाने आपापल्या परीने करावा. कार्पेंटरबाईंनी ती रक्षा न्यूयॉर्क प्रांतात पोकीप्सी येथील दफनभूमीत, आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवली. तेथे आजही आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे. त्यावर त्यांची सालें कोरली आहेत, आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशी त्यांची ओळख दिलेली आहे.

कुटुंबाच्या दफनभूमीत जागा देणे ही लहान गोष्ट नव्हे. ती जागा आपल्या रक्ताच्या माणसांसाठी राखलेली असते. आनंदीबाईंनी नात्याचा एक शब्द दिला होता. तो शब्द मराठी होता, त्याच्या छटा कार्पेंटरबाईंना पुरत्या कळल्या असतील असेही नाही. परंतु त्यांनी तो अक्षरशः घेतला, आणि भाचीला आपल्या माणसांत ठेवून घेतले.

आता आपण ह्या वहीच्या उलट बाजूकडे वळू, म्हणजे परके लोक आपल्या दारी आले तेव्हा काय झाले ते पाहू. आणि त्यासाठी पुन्हा कोल्हापुरासच गेले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी पोलंडचा पूर्वभाग सोव्हिएत सैन्याने व्यापला, आणि तेथील लाखो माणसे सैबेरियाकडे व मध्य आशियाकडे हाकलली गेली. त्यांतून वाचलेली कुटुंबे १९४२ च्या सुमारास इराणात पोहोचली, आणि त्यांपैकी काही हिंदुस्थानात आणली गेली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी ह्यांनी बालाचडी येथे पोलिश मुलांना आश्रय दिला, ती कथा पुष्कळांना ठाऊक आहे. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते, हे मात्र महाराष्ट्रातही अनेकांना ठाऊक नसते. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती.

छावणी उभारण्याचा व चालविण्याचा खर्च कोल्हापूरकरांनी केला असे कोणी समजू नये. ते काम सरकारांचे होते. पण माणूस केवळ सरकारी शिध्यावर जगत नाही. छावणीत शाळा होत्या, चर्च होते, नाटके होत. तिच्या कडेने बाजार होता, आणि तेथे भाजी, फळे, कापड विकणारी माणसे आपलीच होती. ह्या विक्रेत्यांनी पोलिश शब्द उचलले आणि त्या भाषेत भाव सांगू लागले, अशी आठवण त्या मुलांनी वृद्धपणी सांगितली आहे. धंद्यासाठी भाषा शिकण्यात कसली आली माया, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे! ज्या मुलांची भाषा त्यांच्या आईवडिलांवाचून दोन वर्षे कोणी प्रेमाने बोलले नव्हते, त्यांना केळेवाल्याच्या तोंडून ती ऐकताना काय वाटले असेल, ह्याची किंमत पैशांत कशी करणार?

ती मुले पुढे पोलंड, इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशी जगभर पांगली. त्यांनी आपली संघटना केली, आठवणींचा ग्रंथ काढला, आणि उतारवयात त्यांतील कित्येकजण पुन्हा कोल्हापूर पाहून गेले. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. वॉर्सा शहरातही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक उभारले गेले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे जाऊन अभिवादन केले. छावणीतील जी माणसे परत जाऊ शकली नाहीत, त्यांच्या कबरी कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत.

१९४८ साली वळिवड्याची छावणी रिकामी झाली. पण त्या घरांना कुलपे फार दिवस लागली नाहीत. फाळणीने घरदार सुटलेली सिंधी कुटुंबे तेथे राहावयास आली, आणि आज गांधीनगर ह्या नावाने ती वस्ती कापडाच्या घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध आहे.